बौद्ध किती आणि कोणत्या रकान्यात

जगात बौद्ध किती, याची गेल्या काही वर्षांत दोन अगदी वेगळी उत्तरं मिळाली आहेत. २०१२ मध्ये एका अमेरिकी संशोधन संस्थेने २०१० सालासाठी ४८ कोटी ८० लाख हा आकडा दिला. त्यातले निम्मे एकट्या चीनमधले होते. २०२५ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा त्याच २०१० सालचे बौद्ध ३४ कोटी ३० लाखांवर आले आणि २०२० सालचे ३२ कोटी ४० लाखांवर. चौदा-पंधरा कोटी माणसं केवळ मोजण्याची रीत बदलल्याने कमी झाली. चीनमध्ये बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावणाऱ्या पुष्कळांना धर्म विचारला तर ते 'कोणताच नाही' असं सांगतात. त्यांना कुठे धरायचं, यावर जगाचा आकडा हेलकावे खातो.

भारतात प्रश्न वेगळा आहे. इथे माणसाला आपण बौद्ध आहोत हे पक्कं ठाऊक असतं. ते कागदावर लिहिलं तर काय गमवावं लागेल, याचा विचार मात्र त्याला वर्षानुवर्षं करावा लागला. भारतातल्या बौद्धांचा आकडा वाचायचा तर हे आधी लक्षात घ्यायला हवं.

जुना भाग थोडक्यात. कार्ले, कान्हेरी, अजिंठा इथल्या लेण्यांचा काळ संपल्यावर या प्रदेशात बौद्ध म्हणवणारा समाज मोजण्याइतका उरला नाही. ब्रिटिश काळातल्या जनगणनेत बौद्ध भरपूर दिसतात, १९३१ मध्ये तर सव्वा कोटीहून जास्त. पण ते जवळजवळ सगळे ब्रह्मदेशातले. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला आणि पुढच्या मोजणीत हा आकडा काही लाखांवर आला. १९५१ मध्ये देशात सुमारे १ लाख ८१ हजार बौद्ध होते. लडाख, लाहौल-स्पिती, दार्जिलिंग, चितगावच्या डोंगरांना लागून असलेला ईशान्येचा पट्टा, असे ते विखुरलेले होते. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत ते अडीच हजारांच्या आसपास होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि दोन दिवसांनी चंद्रपुरात काय घडलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या बौद्धांची संख्या ३२ लाख ५० हजार झाली आणि त्यातले २७ लाख ८९ हजार महाराष्ट्रात होते. म्हणजे शंभरातले शहाऐंशी. दहा वर्षांत धर्माच्या नकाशात इतका मोठा बदल दुसऱ्या कोणत्याही भारतीय समाजाने स्वेच्छेने घडवलेला नाही.

या आकड्याच्या मागे एक अडसर होता. राष्ट्रपतींच्या सहीने १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाब भागातल्या चार शीख जातींचा अपवाद तेवढा होता. सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेने दुरुस्ती करून सर्व दलित शिखांना या तरतुदीत घेतलं. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जेमतेम तीन आठवडे उरले होते. बाबासाहेब धर्म बदलणार, हे १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपासून सगळा देश जाणून होता. तरी दुरुस्तीत बौद्धांचं नाव आलं नाही. दीक्षा घेणाऱ्याने त्या दिवशी अस्पृश्यतेचा धर्म सोडला आणि त्याच दिवशी अस्पृश्यतेवरची कायद्याने दिलेली भरपाईही त्याच्या हातून गेली.

या निर्णयाची बाजू मांडणारे म्हणत की बौद्ध धम्मात जात नाही, मग जातीवर आधारलेली सवलत कशी द्यायची? ऐकायला हे सरळ वाटतं. पण गावात पाणवठा तोच होता, वस्ती गावकुसाबाहेरच होती आणि दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पाटलाने कोणाला ओट्यावर बसवलं नव्हतं. शिवाय सरकारचं म्हणणं सगळीकडे एकसारखंही नव्हतं. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदूंमध्ये बौद्ध, जैन आणि शीख धरले आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा बौद्धांना लागू आहेत. लग्न आणि वाटणीच्या बाबतीत बौद्ध हिंदू कायद्याखाली, आरक्षणाच्या बाबतीत मात्र हिंदूंहून वेगळे. यात तत्त्व कुठलं, हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा, १९६० मध्ये, राज्य सरकारने आपल्यापुरता मार्ग काढला. धर्मांतरित बौद्धांना शिक्षणात आणि राज्याच्या नोकऱ्यांत सवलती चालू ठेवल्या. 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हा जोडशब्द सरकारी योजनांच्या नावांत तेव्हापासून आहे आणि आजही वसतिगृहांच्या पाट्यांवर दिसतो. तिसरी पिढी विहारात वाढली तरी ती 'नव'च राहते, याचा समाजाला होणारा त्रास खरा आहे. पण त्या शब्दाने निदान राज्यापुरतं दार उघडं ठेवलं. केंद्राच्या नोकऱ्या, रेल्वे, बँका, लोकसभेच्या आणि विधानसभेच्या राखीव जागा इथे दार बंदच होतं.

राखीव जागेचा प्रश्न १९६२ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. नागपुरातल्या एका राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराने आधी जाहीरपणे बौद्ध धर्म स्वीकारल्याचा मुद्दा होता. न्यायालयाने ठरवलं की धर्म मानणं म्हणजे तो उघडपणे जाहीर करणं. तसं जाहीर केलेला माणूस राखीव जागेवर उभा राहू शकत नाही. त्यानंतर ज्याला राखीव जागा लढवायची होती त्याने अर्जावर 'हिंदू-महार' लिहिलं. घरात बुद्धवंदना आणि अर्जावर हिंदू, अशी ही ओढाताण तीस वर्षं चालली.

तिचा ठसा जनगणनेत स्वच्छ उमटलेला आहे. १९६१ ते १९७१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या २७ टक्क्यांनी वाढली, बौद्ध १७ टक्क्यांनी. पुढच्या दशकात राज्य साडेचोवीस टक्क्यांनी आणि बौद्ध एकवीस टक्क्यांनी. एकाच वस्तीत राहणाऱ्या, एकाच वयात लग्न होणाऱ्या समाजात जन्मदर असा अचानक घसरत नाही. माणसं कागदावर परत गेली होती.

३ जून १९९० रोजी केंद्राने आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्धांना अनुसूचित जातींत घेतलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष. पुढची जनगणना नऊ महिन्यांच्या आत झाली आणि तिचे आकडे अगदी बोलके आहेत. १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे लोक ४४ लाख ८० हजार होते, म्हणजे ७.१४ टक्के. १९९१ मध्ये ते ८७ लाख ५८ हजार झाले, ११.०९ टक्के. दहा वर्षांत जवळपास दुप्पट. आणि त्याच दशकात बौद्धांची वाढ पहिल्यांदाच राज्याच्या वाढीच्या पुढे गेली.

एवढ्याने हिशेब चुकता झाला असं मानलं जातं. झाला नाही. राखीव मतदारसंघ ठरतात ते अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवरून आणि देशभरातल्या मतदारसंघांची फेररचना १९७६ पासून गोठवलेली होती. १९९० चा कायदा झाल्यावरही महाराष्ट्रातल्या राखीव जागा १९७१ च्या मोजणीवर चालल्या, म्हणजे बौद्ध वगळून केलेल्या मोजणीवर. विधानसभेच्या २८८ पैकी १८ आणि लोकसभेच्या ४८ पैकी ३. २००८ ची फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली, तेव्हा त्या जागा २९ आणि ५ झाल्या. १९५६ च्या दीक्षेचं वजन विधानसभेत पहिल्यांदा २००९ मध्ये पडलं. त्रेपन्न वर्षांनी. हिमालयाकडच्या बौद्धांना यातलं काहीच भोगावं लागलं नाही, कारण ते बहुतांशी अनुसूचित जमातींत येतात आणि जमातीला धर्माची अट कधीच नव्हती.

२०११ च्या जनगणना तक्त्यात सातवा रकाना धर्माचा होता आणि आठवा अनुसूचित जाती-जमातीचा. आठव्याला सूचना जोडलेली होती : अनुसूचित जाती फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांत असू शकतात. मोहल्ल्यामोहल्ल्यातून कार्यकर्ते सांगत फिरत होते की प्रगणक आला की धर्म स्वतःच्या तोंडाने 'बौद्ध' सांगा आणि त्याने काय लिहिलं ते बघा. ही खबरदारी उगाच नव्हती. जातीचं नाव ऐकून धर्म परस्पर 'हिंदू' लिहिला जाण्याचा अनुभव वस्त्यावस्त्यांत होता. समाजातही एकमत नव्हतं. काहींचं म्हणणं, सातव्यात बौद्ध आणि आठव्यात महार लिहा, म्हणजे हक्कही राहतो आणि धर्मही. काहींचं म्हणणं, जात टाकायलाच तर बाहेर पडलो, ती पुन्हा कशाला लिहायची? दुसऱ्या बाजूचा मी आदर करतो, पण मी पहिल्या बाजूचा आहे. जातीने मारलेल्याचा हिशेब जातीच्याच नावाने लिहावा लागतो.

हे तहसील कार्यालयात सर्वांत स्पष्ट दिसतं. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधी कुटुंब इथे राहत होतं याचा पुरावा लागतो. मग घरातलं पोर पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधतं, तो नसेल तर कोतवाल बुकातली जन्माची नोंद. पणजोबा, आजोबा, बाप यांची वंशावळ जोडायची, तिच्यावर शपथपत्र. बापाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढंच लिहिलेलं असतं, पणजोबांच्या उताऱ्यावर 'महार'. ज्या शब्दावर त्यांनी पाणी सोडलं तोच शब्द, मोडी वळणाच्या पुसट अक्षरांत, पणतवंडाला साहेबाच्या टेबलावर ठेवावा लागतो. दोन्ही कागद जुळले नाहीत तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं आणि प्रवेशाची तारीख निघून जाते.

२०११ मध्ये देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध मोजले गेले. त्यातले ६५ लाख ३१ हजार, म्हणजे ७७ टक्के, महाराष्ट्रात. राज्यात त्यांचं प्रमाण ५.८१ टक्के. तेही सगळीकडे सारखं नाही. अकोल्यात शंभरात अठरा, हिंगोलीत पंधराच्या आसपास आणि कोल्हापुरात शंभरात एकसुद्धा नाही. जिथे दीक्षेनंतर गावंच्या गावं उतरली तिथे आकडा दाट आहे. मातंग आणि चर्मकार समाजाचा मोठा भाग तेव्हा बाहेर राहिला, हेही त्यातून दिसतं.

राज्याबाहेर चित्र नेमकं उलटं आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राबाहेर २१ लाख बौद्ध होते, २०११ मध्ये १९ लाख. कर्नाटकात ३ लाख ९३ हजारांवरून थेट ९६ हजार, उत्तर प्रदेशात ३ लाखांवरून २ लाख ६ हजार. एवढी माणसं स्थलांतर करून गेली नाहीत, मेलीही नाहीत. दीक्षेचे कार्यक्रम या राज्यांत होत राहिले, पण दाखल्याची घट्ट व्यवस्था आणि घराघरात जाऊन सांगणारं जाळं महाराष्ट्राइतकं तिथे उभं राहिलं नाही, असं मला वाटतं. गुजरातमध्ये तर २०२४ मध्ये सरकारने परिपत्रक काढून बौद्ध हा वेगळा धर्म असल्याचं स्पष्ट केलं आणि धर्मांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला सांगितलं. परवानगीच्या फायली अडल्या तर दीक्षा होऊनही माणूस कागदावर हिंदूच राहतो.

वाद अजून एका दिशेने वाढतो आहे. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिमांना अनुसूचित जातींत घ्यावं का, यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बौद्ध समाजात यावर दोन तट आहेत. वाटा कमी होईल ही भीती समजण्यासारखी आहे, पण १९५६ ते १९९० आपल्याला जे ऐकवलं गेलं, 'त्या धर्मात जात नाही', तेच वाक्य आपण दुसऱ्याला ऐकवू नये.

पुढची जनगणना २०२७ ची, १ मार्च हा तिचा संदर्भदिन. या वेळी सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. त्यामुळे 'महार-बौद्ध' असं लिहायचं की जातीचा रकाना रिकामा सोडायचा, यावर विहारांतून आतापासून बैठका सुरू आहेत. रकाना रिकामा राहिला तर ते घर अनुसूचित जातींच्या बेरजेत येणार नाही आणि पुढची मतदारसंघ फेररचना ज्या आकड्यांवर होईल त्यांत ते नसेल. मागच्या वेळी तो आकडा दुरुस्त व्हायला २००८ उजाडलं होतं.