हलव्याचे दागिने

हलव्याचे दागिने : साखरेच्या काटेरी दाण्यांचे, म्हणजेच हलव्याचे, दोऱ्यात बांधून किंवा पुठ्ठ्यावर बसवून केलेले अलंकार. मकरसंक्रांतीच्या (१४ किंवा १५ जानेवारी) निमित्ताने नववधूला, तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलांना ते घालतात. ही प्रथा महाराष्ट्रात, तसेच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत आढळते. मिठाई आणि दागिना ही दोन्ही रूपे एकाच वस्तूत असल्यामुळे, आणि ती करण्याचे काम पूर्वापार घरातल्या बायकांच्या हातचे असल्यामुळे, घरगुती हस्तकलेत या दागिन्यांची जागा वेगळी आहे.

येथे हलवा म्हणजे गाजराचा किंवा दुधीचा हलवा नव्हे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ गोड पदार्थ एवढाच असून संक्रांतीच्या संदर्भात तो साखरेचा पाक चढवलेल्या दाण्यांसाठी रूढ झाला आहे. (तो करताना हात सतत हलवत ठेवावा लागतो हे पाहता, शब्दाची व्युत्पत्ती मराठीतच शोधण्याचा मोह कोणालाही व्हावा.) दाण्याच्या गाभ्यात बहुधा तीळ किंवा साबुदाणा असतो, त्याशिवाय खसखस, खरबुजाच्या बिया, शेंगदाणे, काजू, बदाम आणि लवंग यांचाही हलवा करतात. कोणता दाणा घ्यायचा हे दागिन्यावर ठरते. खसखशीचा हलवा नथीसारख्या नाजूक कामाला, साबुदाण्याचा सरांना आणि बांगड्यांना, खरबुजाच्या बियांचा फुलांच्या पाकळ्यांना, तर काजू-बदामाचा पदकांना सोयीचा पडतो.

हलवा करण्याची कृती सांगायला दोन वाक्यांची आणि करायला दोन-चार दिवसांची आहे. साखरेत पाणी घालून उकळताना त्यात चमचाभर दूध सोडतात, म्हणजे साखरेतली मळी वर येते आणि ती काढून टाकल्यावर पाक स्वच्छ, पांढरा राहतो. पितळी परातीत भाजलेले तीळ किंवा साबुदाणा घेऊन ती परात मंद आचेवर ठेवतात. पूर्वी यासाठी कोळशाची शेगडी असे आणि निखाऱ्यांवर राख पसरून आच कमी करत. आता गॅसच्या लहानात लहान ज्योतीवर तवा ठेवून त्यावर परात ठेवतात. मग दाण्यांवर चमचाभर पाक टाकायचा, तो वाळेपर्यंत बोटांच्या अग्रांनी दाणे परातीत फिरवत राहायचे, आणि वाळला की पुढचा चमचा टाकायचा. एका बैठकीत हे काम संपत नाही. दाणा इच्छित आकाराचा होईपर्यंत त्यावर मूळ वजनाच्या कित्येक पट साखर चढलेली असते, आणि तोवर बोटांची टोके चांगलीच पोळलेली असतात.

सारी परीक्षा काट्याची. पाक घाईने जास्त टाकला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढली तर आलेले काटे विरघळतात आणि हलवा पिवळट पडतो. हात थांबला तर एका बाजूला साखर साचते. हवा थंड आणि कोरडी असेल तर पाकातले पाणी लवकर उडून साखरेचे स्फटिक भराभर धरतात, म्हणून अनुभवी बायका पौषातली पहाट यासाठी राखून ठेवत. काटा का येतो याचे सामान्यतः दिले जाणारे स्पष्टीकरण असे, की दाण्याच्या पृष्ठभागावर कोठेतरी आलेला बारीकसा उंचवटा तापलेल्या भांड्याला आधी टेकतो, तेथला पाक आधी सुकतो आणि उंचवटा आणखी वाढतो. जपानमध्ये ‘कोंपेइतो’ नावाची अशीच काटेरी साखरमिठाई आहे. तिचे नाव पोर्तुगीज भाषेतून आले असून लुईश फ्रोइश या पोर्तुगीज धर्मप्रसारकाने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला ती काचेच्या बाटलीतून नजर केली होती. तिच्या काट्यांचे कोडे तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञालाही पडले होते. आपल्याकडे तो प्रश्न माजघरातच राहिला आणि त्याचे उत्तर हाताच्या सवयीत मुरले.

हलवा तयार झाला की दागिन्यांचे काम सुरू होते, आणि येथे घरातली इतर माणसेही सामील होतात. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडता येत नाही, कारण साखरेचे कवच तडकते. म्हणून दुपदरी दोऱ्याच्या दोन पदरांमध्ये दाणा धरून त्याच्या पुढेमागे गाठ मारतात. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. अशा गाठींनी बांधलेल्या सरांपासून हार, बाजूबंद, बांगड्या, तोडे, कंबरपट्टा, बिंदी, कानातली आणि काळे मणी घालून मंगळसूत्र करतात. मुकुटासारख्या रुंद दागिन्यांना पुठ्ठ्याचा आधार देऊन त्यावर सोनेरी कागद आणि जर लावतात, आणि हलवा डिंकाने किंवा खळीने चिकटवतात. नथीला बारीक तार लागते. जावयासाठी हार, फुलांचा गुच्छ आणि हलव्याने मढवलेला नारळ करतात. अलीकडे त्यांच्या जोडीला हलव्याचे घड्याळ आणि मोबाइलही दिसू लागले आहेत. त्यांत सौंदर्यापेक्षा थट्टेचा भाग अधिक असतो, पण जावयाची थट्टा हा या सोहळ्याचा जुनाच अधिकार आहे.

या कामातला आनंद बराचसा त्याच्या संथपणात आहे. दाणे फिरवताना डोके मोकळे आणि तोंड रिकामे असते. त्यामुळे परातीभोवती सासू, नणंद, शेजारीण यांच्या गप्पा रंगतात, मधूनच एखादीचा हात भरून येतो आणि परात दुसरीच्या पुढे सरकते. शिकणेही असेच होते. पाक कधी टाकायचा हे कोणी मोजून सांगत नाही. परातीतल्या दाण्यांचा आवाज ओलसर होता तो सुका, खुळखुळता झाला की टाकायचा, हे पाहून आणि ऐकून कळते. ज्या मुलीसाठी दागिने चालले आहेत तिच्या मनगटाचे माप आठवून बांगडीचा सर बांधणे, तिला नथ जड होते म्हणून दोन दाणे कमी घालणे, असली काळजी विकतच्या संचात असू शकत नाही.

हे दागिने काळ्या वस्त्रावर घालतात. एरवी शुभकार्यात वर्ज्य मानलेला काळा रंग संक्रांतीला मात्र मानाने नेसला जातो आणि थंडीत तो ऊब देतो असे त्याचे कारण सांगतात. चंद्रकळेवर किंवा काळ्या झबल्यावर पांढरा हलवा उठून दिसतो, हेही कारण काही लहान नाही. नववधूच्या या पहिल्या सणाला काही घरांत तिळवण म्हणतात. लहान मुलाच्या बोरन्हाणात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या कोणत्याही दिवशी, मुलाला मुकुट, हार आणि हलव्याची बासरी देऊन बाळकृष्णासारखे सजवतात. मग त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या ओततात आणि जमलेली मुले ती लुटतात.

आता पुणे, ठाणे, दादर येथील बाजारांत तयार संच मिळतात आणि परदेशांतील मराठी कुटुंबांकडेही पार्सलने जातात. घरी हलवा करणाऱ्या बायका कमी झाल्या असल्या, तरी हलवा विकत आणून दागिने मात्र घरीच बांधायचे, हा मधला मार्ग अनेकींनी धरला आहे. तो वाईट नाही. कल्पकतेला वाव तेथेच अधिक असतो.

समारंभ झाल्यावर दोऱ्यात बांधलेला हलवा सोडवून खातात. चिकटवलेला खाण्याजोगा नसतो. काही घरांत आठवण म्हणून एखादा हार डब्यात जपून ठेवतात, परंतु मुंग्यांपासून तो वाचला तरी पावसाळ्याच्या दमट हवेत साखरेला पाणी सुटते, काटे बोथट होतात आणि दोऱ्यावर चिकट गाठी तेवढ्या उरतात.