एमजीबी : देखभाल व सुधारणा

एमजीबी ही इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील एमजी कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार. उघडी रोडस्टर आणि १९६५ पासून पक्क्या टपाची जीटी अशा दोन रूपांत मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. जुनी ब्रिटिश गाडी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने चालती ठेवण्याचा छंद अनेकांना लागला तो हिच्यामुळेच. कारण साधे आहे : रचना सोपी, सुटे भाग आजही नवे मिळतात, आणि इंजिनाभोवती पान्हा फिरवायला जागा आहे. या नोंदीत गाडीच्या इतिहासापेक्षा तिची निगा आणि मूळ रचनेत केले जाणारे बदल यांवर भर दिला आहे.

इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, १,७९८ घन सेंमी. क्षमतेचे, चार सिलिंडरांचे. बिडाचा ब्लॉक, बिडाचेच हेड, बाजूला कॅमशाफ्ट आणि पुशरॉड. १९६४ पर्यंत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती, नंतर पाच झाली. भारतीय वाचकाला हे घराणे परके नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १,४८९ घन सेंमी.चे पेट्रोल इंजिन याच मालिकेतले, आणि एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्येही सुरुवातीला तेवढ्याच क्षमतेचे इंजिन होते. सगळे भाग एकमेकांना बसतात असे नाही. पण अँबॅसिडरचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) ज्याने आयुष्यभर सेट केले, त्याला एमजीबीचे बोनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा दिसतो.

पत्रा व गंज

एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. जीटीला निदान टपाचा आधार आहे; रोडस्टरचा सगळा भार दारांखालच्या सिलवर येतो. सिल म्हणजे बाहेरून दिसणारी एक पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली फरशीला जोडणारा ‘कॅसल रेल’ असे चार थर वेल्डिंगने एकत्र येऊन ती पोकळ तुळई बनते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, तिथून ओल आत उतरते आणि तुळई आतून कुजते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हे काम आणखी लवकर होते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुगा, अशी गाडी विकत घेतल्याची कहाणी या छंदात नेहमी ऐकू येते.

तपासणीची एक जुनी रीत आहे. गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलावा आणि दार उघडून बंद करून पाहावे. दार अडकू लागले किंवा मडगार्डजवळची फट वरच्या बाजूला मिटत गेली, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे टेकू आणि आसनांमागच्या फळीखालचे बॅटरीचे कप्पे या पुढच्या पाहण्याच्या जागा. १९७४ पर्यंत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असत आणि आम्लाचे थेंब पत्रा खात.

सिल बदलताना एक चूक फार महाग पडते : जुनी सिल कापताना गाडी मध्यावर लोंबकळत ठेवणे. कापण्याआधी बॉडीला नीट आधार द्यायचा, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी नळ वेल्ड करायचा, एका वेळी एकच बाजू उघडायची आणि दार पुनःपुन्हा लावून फट बघत जायचे. हे न केल्यास नवी सिल वाकलेल्या गाडीला कायमची वाकलेली ठेवते. जुन्या सिलवर नवा पत्रा ठोकून वरून पुट्टी फिरवणे ही दुरुस्ती नाही, लपवाछपवी आहे.

ज्यांची बॉडी हाताबाहेर गेली आहे त्यांच्यासाठी १९८८ पासून वेगळा मार्ग खुला झाला. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे शोधून, जुळवून संपूर्ण नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. बंद पडलेल्या गाडीचा सांगाडा पुन्हा कोरा मिळू लागणे ही घटना या छंदासाठी मोठी होती. कंपनीनेही तीच बॉडी आधार धरून १९९२ ते १९९५ दरम्यान आरव्ही८ ही गाडी सुमारे दोन हजारांच्या संख्येत काढली. त्यांतल्या बहुसंख्य जपानला गेल्या.

इंजिनाची जुळवणी

एमजीबी नीट चालत नाही म्हटले की नवशिका मालक आधी कार्बोरेटरकडे वळतो. तो क्रम उलटा आहे. आधी टॅपेट, मग पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्क), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. पहिल्या तीनपैकी एकही चुकले असेल, तर कार्बोरेटरचे कितीही स्क्रू फिरवले तरी हाती काही लागत नाही. उलट जे बरोबर होते तेही बिघडते.

थंड इंजिनात टॅपेटची फट साधारण ०·३८ मिमी. ठेवतात. आठ व्हॉल्व्हांसाठी नऊचा नियम लक्षात ठेवला की पुरे : आठवा पूर्ण उघडला असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. पॉइंटची फट ०·३५ ते ०·४० मिमी. ठेवतात. पॉइंटची टाच झिजत जाते, तशी फट मिटते आणि टायमिंग मागे सरकते. म्हणूनच पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) झाकणाखाली बसणारा इलेक्ट्रॉनिक संच ही या गाडीतली सर्वांत निरुपद्रवी सुधारणा मानावी लागेल. बाहेरून काही दिसत नाही आणि पुन्हा पॉइंट बसवायला अर्धा तास पुरतो. तरीही बरेच जण जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिक्कीत ठेवतात, कारण इलेक्ट्रॉनिक संच बिघडला की रस्त्याच्या कडेला घासपेपरने बरा करता येत नाही.

बहुतेक गाड्यांवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर असतात. (अमेरिकेसाठीच्या १९७५ नंतरच्या गाड्यांवर एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग होता.) एसयूची कल्पना देखणी आहे. हवेच्या ओढीने एक दट्ट्या वर उचलला जातो, त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि जितकी हवा तितके पेट्रोल मिळते. दट्ट्याच्या वरच्या नळीत थोडे इंजिन ऑइल घालावे लागते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच दट्ट्या एकदम उसळी मारत नाही. हे ऑइल संपले की गाडी उचल घेताना अडखळते, आणि मालक उगाच पेट्रोल पंप बदलतो.

दोन्ही कार्बोरेटर समान हवा ओढतात का हे पाहायला उपकरण मिळते, पण रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून सुस्कारा ऐकणारे लोक आजही आहेत, आणि त्यांचा कान चांगला असतो. मिश्रण तपासण्याची पद्धतही अशीच उघड आहे. इंजिन गरम असताना दट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्ववत झाल्या तर बरोबर. थ्रॉटलचा दांडा झिजून बाजूने हवा आत येत असेल, तर मात्र यातला कोणताच निष्कर्ष खरा ठरत नाही.

ऑइल २०डब्ल्यू-५० जातीचे. गियरबॉक्समध्येही हेच इंजिन ऑइल घालतात, त्याचे नवशिक्याला आश्चर्य वाटते. गियरबॉक्सला जोडलेला लेकॉक ओव्हरड्राइव्ह (तोच वेग कमी फेऱ्यांत देणारा जादा गियर) याच ऑइलच्या दाबावर चालतो; त्यामुळे तासाला १०० किमी. वेगात इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला सुमारे ३,५०० वरून २,९०० पर्यंत उतरतात. ओव्हरड्राइव्ह लागेनासा झाला की लोक गियरबॉक्स उतरवण्याची तयारी करतात. दोष बहुधा वायरीत, स्विचात किंवा तुंबलेल्या गाळणीत असतो.

पेट्रोलही बदलले आहे. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९च्या अखेरीस थांबली. शिशाचे आवरण गेल्यावर बिडाच्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवणे. सप्टेंबर २०२१ पासून तिथे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले. त्याने जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात आणि झिरपू लागतात, म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. भारतात वीस टक्क्यांपर्यंत गेलेल्या मिश्रणामुळे इथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांपुढेही हाच प्रश्न आहे.

वायरिंग

ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगची थट्टा करणे हा जगभरातल्या मालकांचा आवडता उद्योग. लुकास कंपनीला त्यांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हटले. थट्टेत तथ्य कमी आहे. पन्नास वर्षांच्या गाडीत जे बंद पडते ते बहुधा अर्थिंग : रंगाखाली गेलेला स्क्रू, हिरवी पडलेली जोडणी. एक एक जोड सोडवून, घासून, पुन्हा बसवला की अर्धी भुते पळतात. खरा दोष दुसराच. हेडलाइटचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचातून जातो आणि सुरुवातीच्या गाड्यांच्या फ्यूजपेटीत फक्त दोन फ्यूज आहेत. इथे रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) व जादा फ्यूज घालणे ही शोभेची नव्हे, सुरक्षेची सुधारणा होय. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे विसरून आधुनिक उपकरण लावले तर ते लगेच जळते.

मागच्या ॲक्सलजवळचा विजेवर चालणारा एसयू पेट्रोल पंप चावी फिरवताच टिकटिकतो. तो गप्प बसला तर पान्ह्याच्या मागच्या बाजूने हलकेच ठोका देऊन घर गाठता येते. दुसऱ्या दिवशी पंपातले पॉइंट साफ करावे हे बरे.

सस्पेन्शन

पुढच्या किंगपिनांना (चाके ज्यांवर वळतात त्या खुंट्यांना) दर ४,८०० किमी.ला ग्रीस मारायचे. ही गोष्ट टाळल्यामुळे जितक्या एमजीबींचे स्टिअरिंग जड झाले, तितके दुसऱ्या कशाने झाले नसेल. शॉक ॲब्सॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे, ऑइल भरण्याचे. पुढे त्यांचाच हात सस्पेन्शनचा वरचा हातही असतो, म्हणून ते काढून नळीचे शॉक ॲब्सॉर्बर लावणे म्हणजे अख्खी रचना बदलणे. नीट दुरुस्त केलेले मूळचेच साध्या वापराला पुरेसे असतात. १९७४च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे ४ सेंमी. उंच केली गेली; वळणावर ती डोलू लागली. त्या गाड्या पुन्हा खाली आणणे ही सुधारणा खरे तर जुन्याकडे परतणेच आहे.

ताकद वाढवणे

ॲबिंग्डनमध्येच ‘स्पेशल ट्यूनिंग’ नावाचा विभाग होता आणि तो टप्प्याटप्प्याने ताकद वाढवणारे संच विकत असे. त्यामुळे ‘मूळ’ गाडी कोणती, हा वाद वाटतो तितका सरळ नाही. बी मालिकेच्या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडर एकाच वाटेने हवा घेतात. मोठा वेबर कार्बोरेटर लावला तरी ही अडचण राहतेच. हेडच्या वाटा घासून मोकळ्या करणे, कॅमशाफ्ट बदलणे, बोअर करून क्षमता १,९५० घन सेंमी.पर्यंत नेणे हे रुळलेले मार्ग आहेत. पाच वेगांचा फोर्ड किंवा माझदाचा गियरबॉक्स बसवण्याचे तयार संचही मिळतात.

वजन कुठे पडते हे ताकदीइतकेच महत्त्वाचे असते, हे कंपनी स्वतः शिकली. १९६७ ते १९६९ दरम्यानच्या एमजीसीत २,९१२ घन सेंमी.चे जड सहा सिलिंडरी इंजिन घातले गेले आणि गाडीचे नाक जड झाले. पुढे ब्रिटिश शर्यतपटू व अभियंते केन कॉस्टेलो यांनी रोव्हरचे ॲल्युमिनियमचे व्ही८ इंजिन एमजीबीत बसवून दाखवले. ३,५२८ घन सेंमी.चे असूनही ते मूळ इंजिनापेक्षा फारसे जड नव्हते. कंपनीने तोच धडा गिरवत १९७३ ते १९७६ मध्ये २,५९१ जीटी व्ही८ काढल्या. आजही घरगुती बदलांत हेच इंजिन पहिली पसंती असते. मात्र ब्रेक तसेच ठेवून इंजिन दुप्पट करणाऱ्याला कोणी शहाणे म्हणू नये.

कायदा

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाडीला मे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. पण गेल्या तीस वर्षांत तिच्या मुख्य भागांत मोठे बदल झाले असतील तर ती लागू होत नाही. त्याच मालिकेतले वेगळ्या क्षमतेचे इंजिन चालते. सिलिंडरांची संख्या बदलली की प्रश्न उभा राहतो. भारतात जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठी फेरबांधणी न झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच मुभा आहे. एखादी एमजीबी या नोंदणीत बसवायची असेल, तर व्ही८ इंजिनाचा विचार करण्याआधी मालकाला हा नियम वाचावा लागतो.