चाळिशीत अंतर चुकतं

मराठीत 'चाळिशी' म्हणजे वयही आणि चष्माही. त्या सुमारास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळची अक्षरं पुसट होतात आणि आपण पुस्तक हात लांब करून धरायला लागतो. याच वयात नोकरी सोडायची, नवा व्यवसाय काढायचा किंवा पुन्हा शिकायला बसायचं म्हटलं, की अपयशाची भीती छातीवर येऊन बसते. तिचाही घोटाळा बराचसा अंतराचाच आहे, आणि हे नुसतं शब्दांशी खेळणं नाही. हे अंतर एकदा चक्क फुटांत मोजलं गेलंय.

जॉन ॲटकिन्सन आणि जॉर्ज लिटविन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९६० सालचा प्रयोग. कॉलेजातल्या मुलांना खुंटीवर कडी फेकायला सांगितली. किती लांबून फेकायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांना यशाची ओढ जास्त आणि परीक्षेची धास्ती कमी, ते बहुतेक मधल्या अंतरावर उभे राहिले. धास्ती जास्त असलेल्यांना मधल्या जागेचं तेवढं आकर्षण नव्हतं. त्यांची निवड दोन्ही टोकांकडे पांगलेली होती.

खुंटीजवळ उभं राहणं समजण्यासारखं आहे. पण घाबरणारा माणूस खूप लांब का जाईल? ॲटकिन्सन यांचं उत्तर मला फार पटतं. खुंटीला खेटून उभं राहिलं तर चुकण्याची शक्यताच नाही. अगदी लांबून चुकलं तर लाज नाही, कारण तिथून कोणाचीच कडी पडत नाही. मधोमध मात्र पंचाईत. तिथे पडेल की चुकेल हे निम्मंनिम्मं असतं आणि जे होईल त्यावरून आपली खरी कुवत कळते. भीती टाळते ती हे कळणं.

आता आजूबाजूला पाहा. एकीकडे वीस वर्षं तीच खुर्ची धरून बसलेली माणसं. दुसरीकडे एका रात्रीत राजीनामा देऊन, साठवलेला सगळा पैसा ज्यात ओ की ठो कळत नाही अशा धंद्यात ओतणारी. या दुसऱ्या गटाला आपण धाडसी म्हणतो. मला शंका आहे. 'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही' हे खरंच. पण पहिल्याच दिवशी डोहात पडा, असं ती म्हण कुठे सांगते?

मध्यमवयात ही भीती वाढायला कारणही आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख मोठं वाटतं. पुढच्या अंदाजात ते साधारण दुप्पट भरलं. विशीत गमावायला असतंच काय? पंचेचाळिशीत पद असतं, ओळख असते, हप्ते असतात.

शिवाय ते दुःख किती टिकेल, हेही आपल्याला नीट जोखता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं, कायमची नेमणूक नाकारली गेली तर पुढली काही वर्षं कशी जातील? त्यांनी बरीच वाईट रंगवली. मग ज्यांना खरोखरच नकार मिळाला होता त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांच्या आणि नेमणूक मिळालेल्यांच्या समाधानात फारसा फरक नव्हता. मन स्वतःची समजूत घालतं, नवी कारणं शोधतं, दुसऱ्या वाटेला लागतं. फक्त भविष्याचा विचार करताना ही दुरुस्तीची यंत्रणा आपण जमेतच धरत नाही.

स्टीव्हन लेव्हिट या अर्थतज्ज्ञाने तर वीस हजारांहून जास्त नाणेफेकी करवल्या. नोकरी सोडावी का, नातं संपवावं का, अशा निर्णयांवर अडलेल्या लोकांना नाणं सांगे: बदल करा किंवा करू नका. मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल केला, ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी होते. मात्र हे आधीच कुंपणावर बसलेले लोक होते. ज्यांच्या मनात बदल नव्हताच, त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही.

वय आड येतं का? अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढलेल्या, दर हजारांत एक अशा नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं. हा २०२० सालचा अभ्यास मध्यमवयीन मंडळी फार आवडीने सांगतात. त्यातलं दुसरं वाक्य गाळतात: ज्यांना त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव होता, त्यांना यश मिळण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणजे पुन्हा मधलंच अंतर. पूर्ण ओळखीचं नाही, पूर्ण परकंही नाही.

अर्थात काही भीती खरीच असते. घर गहाण पडणार असेल किंवा औषधपाण्याचा पैसा जाणार असेल, तर ते नुकसान मनाच्या दुरुस्तीने भरून निघत नाही. तिथे पाऊलच इतकं लहान करावं की चुकलं तरी परतता येईल: संध्याकाळचे दोन तास, सहा महिने, ठरावीक रक्कम. आणि सुरुवात करण्याआधी एका कागदावर लिहावं, की हे फसलं तर तीन महिन्यांनी मला नेमकं कसं वाटत असेल. कागदावर तारीख घालायला विसरू नये. फसलंच, तर तीन महिन्यांनी तो काढून वाचायचा आहे. चाळिशी लावून.