मुलांच्या जिम्नॅस्टिक्समधले वयोगट : पार्श्वभूमी

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पॅरलल बारवर तिसऱ्या आलेल्या ग्रीक संघात दहा वर्षांचा एक मुलगा होता. वयाची अट पुढे आली, पण वाद गाजले ते मुलींच्या गटातले. तिथे किमान वय १९८१ मध्ये १५ झालं, १९९७ पासून १६. मुलींमध्ये लहान, हलक्या अंगाचा फायदा होतो, म्हणून ती खालची मर्यादा. मुलांचं नेमकं उलट. रोमन रिंग्जवर क्रॉस धरायला, म्हणजे टांगलेल्या दोन कड्या धरून हात आडवे ताणून अंग तोलायला लागणारी खांद्यातली ताकद मिसरूड फुटायला लागल्यावरच येते. त्यामुळे मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे : कोणाला कोणासोबत उभं करायचं?

आपल्या शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. हे ‘खालील’ १ जानेवारीच्या जन्मतारखेवर ठरतं. २०२३-२४ मध्ये १४ च्या गटासाठी जन्म १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा हवा होता, १७ साठी २००७. म्हणजे ३१ डिसेंबर २००९ ला जन्मलेला मुलगा एका दिवसाने वरच्या गटात गेला आणि जवळपास तीन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर रिंग्जला लटकला. मुलांचं शरीर सर्वांत जास्त बदलतं ती हीच तीन वर्षं. हा मला उघड अन्याय वाटतो.

चर्चा मात्र खोट्या दाखल्यांचीच होते. त्याला कारण आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलेल्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात आहेत. २०१० साली वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता आली आणि वैद्यकीय तपासणीत हाडांचा एक्स-रे आला. प्रचलित पद्धतीत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, पण मुलांचं हाड तिच्या हिशेबात साडेसोळालाच पूर्ण होतं. लवकर वयात आलेला पंधरा वर्षांचा प्रामाणिक मुलगा तिथे मोठा ठरू शकतो. जिम्नॅस्ट तर बहुधा उशिरा वयात येतात, शिवाय हातांवर उभं राहून राहून त्यांच्या मनगटाच्या वाढीच्या भागावरच ताण येतो. अशा मनगटावरून वय ठरवणं धोक्याचं आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या सुधारित कायद्याने १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा झाला आहे. ती मुलं स्पर्धेत उतरतील तेव्हा तारखेचा घोळ बराच मिटलेला असेल. १७ चा गट तेव्हाही इतकाच रुंद ठेवायचा का, हे आत्ता ठरवायला हवं.