कुत्र्याचे नख आणि त्यातली जिव्हाळी

फरशीवरून चालणाऱ्या कुत्र्याच्या पायांचा टकटक आवाज येऊ लागला की बहुधा त्याची नखे वाढलेली असतात. कुत्रा सरळ उभा असताना नखांची टोके जमिनीपासून किंचित वर राहावीत, एवढी साधी खूणगाठ पुरते. तरीही घरी नख कापायला अनेकांचा हात धजावत नाही. ही भीती निराधार नाही, कारण बाहेरून निर्जीव दिसणारे हे नख आतून जिवंत असते.

आपले नख चपट्या पत्र्यासारखे असते. कुत्र्याचे नख मात्र दोन्ही बाजूंनी दाबलेल्या लहानशा शिंगासारखे असते आणि बोटाचे शेवटचे हाड थेट त्याच्या आत शिरलेले असते. या हाडावर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ थर असतो व त्यावर केराटिनचे कठीण टोपण असते. केस आणि शिंगांचे बाह्य आवरणही याच प्रथिनाचे बनलेले असते. नखाखालच्या अशा हळव्या भागाला मराठीत जिव्हाळी असा नेमका शब्द आहे. नखाची पाठ टणक, तर पोटाकडची बाजू तुलनेने मऊ आणि ठिसूळ असते. नख खाली वळत वाढते आणि त्याला बाक येतो.

मांजर चालताना नखे आत ओढून घेते, कुत्र्याला तसे करता येत नाही. तो टाचा न टेकता बोटांवर चालतो, त्यामुळे खडबडीत जमिनीवर भरपूर धावणाऱ्या कुत्र्याची नखे आपोआप झिजतात. मऊ गवतावर किंवा घरात वावरणाऱ्या, वयस्क झालेल्या आणि कमी हालचाल करणाऱ्या कुत्र्यांची नखे मात्र वाढत राहतात. वाढलेले नख प्रत्येक पावलागणिक जमिनीवर आपटते आणि बोटाला वर व मागे रेटते. बोटे फाकतात, पंजा नीट टेकत नाही आणि कुत्रा आपला भार वेगळ्या रीतीने पेलू लागतो. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला याचा त्रास सर्वाधिक होतो, कारण गुळगुळीत फरशीवर पकड घेण्याचे काम पंजाच्या गादीचे असते आणि लांब नखांमुळे गादी जमिनीवर पुरती टेकत नाही. शिवाय असे नख कापडात अडकून मुळापासून उखडण्याचा धोका असतो तो वेगळाच.

नख वाढते तशी आतली जिव्हाळीही पुढे सरकते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणूनच कित्येक महिने दुर्लक्षित राहिलेले नख एका बैठकीत योग्य लांबीचे करता येत नाही. तसा प्रयत्न केला तर कात्री जिव्हाळीतच शिरते. मात्र दर आठवड्याला केवळ टोकाची चकती काढत राहिले तर जिव्हाळी हळूहळू मागे हटते आणि काही आठवड्यांत नख पुन्हा आटोपशीर होते. त्यानंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी कापणे बहुतेक कुत्र्यांना पुरते.

पांढरट नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, तेव्हा तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबावे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून पातळ पातळ काप घेत दर वेळी कापलेल्या तोंडाकडे पाहावे: सुरुवातीला ते कोरडे आणि भुरभुरीत असते, आणि मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की जिव्हाळी अगदी जवळ आलेली असते. पंजा उलटा धरून पाहिल्यासही अंदाज येतो, कारण टोकाकडचा पोकळ, खाचेसारखा भाग बहुधा जिव्हाळीच्या पुढचा असतो. कात्री धारदारच हवी. बोथट पाते नख कापण्याऐवजी चिरडते आणि दुखते ते त्या दाबाने. घासून नख कमी करणारे ग्राइंडर वापरल्यास ते एकाच जागी धरून ठेवू नये, घर्षणाने नख तापते.

पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जरा वर असलेले अंगठ्याचे नख हमखास विसरले जाते. चालताना ते जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजतही नाही, आणि वळत वळत शेवटी कातडीत रुतू शकते.

जिव्हाळी कापली गेलीच तर रक्त भरपूर वाटते, पण निरोगी कुत्र्याला त्यापासून सहसा धोका नसतो. रक्त थांबवणारी पावडर, आणि ती नसल्यास कॉर्नफ्लोर, लावून काही मिनिटे न सोडता दाबून धरावे. रक्त तरीही थांबत नसेल तर पशुवैद्यांकडे जावे. एकाच बोटाला टिकून राहणारी सूज असेल, किंवा वेगवेगळ्या पायांची नखे सैल होऊन गळत असतील, तर कात्रीला हातही लावू नये. अशा वेळी संसर्ग, प्रतिकारशक्तीचा बिघाड, क्वचित नखाच्या मुळाशी झालेला कर्करोगही कारण असू शकतो.

पंजा धरला जाणे अनेक कुत्र्यांना मुळातच आवडत नाही, आणि एकदा दुखले की ते त्यांच्या लक्षात राहते. म्हणून आधी काही दिवस नुसता पंजा हातात घ्यावा आणि खाऊ द्यावा, मग कात्री नखाला फक्त टेकवून खाऊ द्यावा, आणि कुत्रा निवांत राहू लागल्यावरच पहिला काप घ्यावा. त्याला दाबून धरून सगळी नखे उरकण्यापेक्षा दिवसाला एक नख कापणे मला केव्हाही योग्य वाटते. बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात. अठराव्या दिवशी शेवटचे नख कापून होते, तोवर पहिले पुन्हा जरासे वाढलेले असते.