आहारविकार आणि बाळंतपण : आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण

अॅनोरेक्झिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडणे), बुलिमिया नर्व्होसा (अतिखाणे व मग मुद्दाम उलटी वगैरे करून ते बाहेर काढणे) यांसारखे आहारविकार असलेली गर्भवती वा बाळंतीण ओळखता यावी, तिच्याशी नीट बोलता यावे व तिची देखरेख करता यावी म्हणून सुईणी, परिचारिका व डॉक्टर यांना दिले जाणारे शिक्षण. येथे मुख्यतः ब्रिटनमधील पद्धतीचा विचार केला आहे.

अॅनोरेक्झियाच्या आद्य वर्णनाचा मान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ मध्ये वर्णिलेली क्षयसदृश कृशता काहीजण याच विकाराची मानतात. १८७३ मध्ये पॅरिसचा डॉक्टर लासेग याने व लंडनचा डॉक्टर विल्यम गल याने, काही महिन्यांच्या अंतराने, स्वतंत्र निबंध सादर केले. गलने १८६८ च्या ऑक्सफर्डच्या भाषणात याचा ओझरता उल्लेख केला होता. मात्र सविस्तर वर्णनाचे श्रेय दोघांना विभागून देणे अधिक सयुक्तिक वाटते. गलच्या रुग्णांची पाळी बंद होती, आणि हेच लक्षण पुढे निदानाची अट बनले. मनोविकारांच्या अमेरिकन निदानसंहितेच्या १९९४ च्या आवृत्तीत सलग तीन पाळ्या चुकणे आवश्यक होते. २०१३ मध्ये ही अट गेली. पाळी नाही तर गर्भ कसा राहील, या समजुतीने प्रसूतिकक्षात या विकाराची शंकाच घेतली जात नसे. वास्तविक पाळी सुरू होण्याआधीही बीजोत्सर्ग होऊ शकतो. लंडनमधील एका प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रातील पाहणीत, २०१३ च्या अहवालानुसार, सुमारे ७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या आहारविकाराच्या निदानाच्या निकषांत बसल्या.

ब्रिटनच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने अशा स्त्रीसाठी गर्भारपणात व बाळंतपणानंतर एक ठरावीक व्यक्ती, उदा. सुईण किंवा कुटुंबाचा डॉक्टर, नेमावी असे सुचवले. आहारविकाराची शंका घेण्यासाठीची १९९९ ची ‘स्कॉफ’ ही पाच प्रश्नांची चाळणी येथे जपून वापरावी लागते. तिच्यातला एक प्रश्न तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन घटण्याविषयी आहे. गर्भारपणात वजन वाढतच असल्याने तो निरुपयोगी ठरू शकतो. उलट्या तर अनेकींना होतात. म्हणून ‘उलटी होते का?’ एवढ्यावर न थांबता ‘कधी मुद्दाम काढावीशी वाटते का?’ हे दरडावल्यासारखे न वाटता विचारणे शिकवावे लागते. वजनाचेही तसेच. स्त्रीची इच्छा असल्यास तिला काट्यावर पाठमोरी उभी करतात, आकडा मोठ्याने वाचत नाहीत, आणि ‘पोट केवढं दिसतंय!’ हे कौतुकाचे वाक्यही टाळतात. ते ऐकून ती कदाचित दोन दिवस जेवणार नाही, हे शिकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

गर्भारपणात काहींची लक्षणे ओसरतात व प्रसूतीनंतर पुन्हा उफाळतात. तेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. आईने काय खाल्ले हे घरभेटीत विचारणे म्हणूनच महत्त्वाचे.

भारतात दवाखान्यात प्रसूती झाल्यावर ४२ दिवसांत आशा कार्यकर्तीच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात. हा प्रश्न तेथे सहज विचारता येईल. महाराष्ट्रात माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे डोहाळ्यांत जमा होते. त्याचा संबंध पुष्कळदा लोहाच्या कमतरतेशी असतो, तेव्हा हिमोग्लोबिन तपासावे.