ई-पुस्तकातील वाचकनियंत्रित मांडणी

ई-पुस्तकाचा फाँट, अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर, समास, पार्श्वभूमीचा रंग अशा गोष्टी वाचकाला आपल्या सोयीने बदलता येण्याची व्यवस्था. छापील पुस्तकात हे निर्णय छपाईआधीच होऊन जातात. ई-पुस्तकात ते वाचकासाठी खुले ठेवता येतात. प्रत्येक प्रकाशक ठेवतोच असे नाही.

मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवले तरच हे साधते. ईपब हा ई-पुस्तकांचा प्रचलित फाइल-प्रकार. ईपब फाइल म्हणजे मुळात एक झिप पुडके: मजकूर एक्सएचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत, रूपाच्या सूचना सीएसएस या शैलीच्या भाषेत. पडद्याची रुंदी पाहून वाचन-अ‍ॅप ओळी नव्याने पाडते, त्यामुळे अक्षर मोठे केले की पाने वाढतात, मजकूर कापला जात नाही. डिजिटल प्रकाशनाची मानके ठरवणाऱ्या आयडीपीएफ या संस्थेने 2007 मध्ये ईपबला प्रमाण म्हणून मान्यता दिली; 2017 मध्ये ही संस्था वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीमध्ये विलीन झाली. 1993 मध्ये आलेल्या पीडीएफचा हेतू नेमका उलटा, म्हणजे पान सगळीकडे जसेच्या तसे दिसावे. फोनवर पीडीएफ वाचताना दर ओळीला पान इकडून तिकडे सरकवावे लागते ते यामुळेच.

प्रकाशकाची सूचना आणि वाचकाची पसंती यांत विरोध आला तर कोणाचे चालावे, हा या विषयातला कळीचा प्रश्न. तो ईपबहून जुना आहे. 1996 च्या पहिल्या सीएसएसमध्ये दोन्ही बाजूंनी ‘महत्त्वाची’ अशी खूण केली, तर लेखकाची, म्हणजे पान तयार करणाऱ्याची, सूचना वरचढ ठरत असे. 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटवून अंतिम शब्द वाचकाला दिला गेला. वाचन-अ‍ॅप मात्र हे तत्त्व आपापल्या परीने पाळतात. काही मोजकेच फाँट देतात. केओरीडरसारखे मुक्त अ‍ॅप पुस्तकातली शैली पूर्ण बंदही करू देते. कॅलिबर या ई-पुस्तके हाताळणाऱ्या संगणक-प्रणालीत पुस्तक रूपांतरित करताना नको त्या सूचना गाळता येतात, पण फाइलला नक्कल रोखणारे डीआरएमचे कुलूप असेल तर हा मार्ग खुंटतो.

अडचणी बहुधा प्रकाशकाच्या अतिउत्साहातून येतात. अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये बांधून टाकला, तर काही अ‍ॅपमध्ये तो बदलतच नाही. ‘एम’ या सापेक्ष एककात, म्हणजे मूळ अक्षराच्या आकाराच्या पटीत, दिला तर बदलतो. अक्षरांना काळा रंग सक्तीने दिला, की रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर दिसेनासा होतो. गंमत म्हणजे अक्षरे काळी असावीत हे सांगण्याची बहुतेक वेळा गरजच नसते.

मंददृष्टी किंवा वाचन-अक्षमता असलेल्या वाचकांसाठी ही सोय चैनीची नाही. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट केले तरी मजकूर हरवू नये, अशी अपेक्षा 2018 च्या डब्ल्यूसीएजी 2.1 या सुगम्यता निकषांत आहे. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला असून ई-पुस्तके त्याच्या कक्षेत येतात. लॅटिन लिपीसाठी बेतलेल्या सोयी देवनागरीला मात्र सरसकट लागू पडत नाहीत: अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटू शकते, आणि ओळी फार जवळ आणल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

सगळीच मांडणी वाचकाच्या हाती देण्याजोगी नसते. कवितेतील ओळ कुठे तुटते, हा अर्थाचाच भाग आहे. कोष्टके, गणिती सूत्रे, संगणकीय आज्ञावली यांचेही तसेच. चित्रकथांसाठी ईपबमध्ये स्थिर मांडणीची सोय आहे. साध्या गद्यासाठी ती वापरणे म्हणजे ईपबची पीडीएफ करणे. मजकूर वाहता झाल्यावर पानाचा क्रमांकही स्थिर राहत नाही, आणि संदर्भ देणाऱ्यांची पंचाईत होते. त्यावर ईपब 3 मध्ये छापील आवृत्तीतील पानांच्या सीमा फाइलमध्ये नोंदवता येतात. अक्षर कितीही मोठे केले तरी या खुणा मजकुरातल्या आपापल्या जागी राहतात.